मिलानचा ठराव

कोणत्याही शिक्षणपद्धतीचा उदय किंवा अस्त सामान्यतः इतक्या मंद गतीने होत असतो की, इतिहासकाराला त्याची तिथी-मिती सांगण्याचा प्रसंग सहसा येत नाही. गावोगावच्या तात्या पंतोजींच्या शाळा नेमक्या कोणत्या दिवशी मोडल्या, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. बधिर मुलांच्या शिक्षणाचा इतिहास या बाबतीत विलक्षण आहे. १८८० सालच्या सप्टेंबर महिन्यात, ६ तारखेपासून ११ तारखेपर्यंत, इटलीतील मिलान शहरी एक परिषद भरली. देशोदेशींचे १६४ प्रतिनिधी तीत बसले. त्यांनी काही ठराव मंजूर केले. आणि त्या ठरावांमुळे पुढील शंभर वर्षे जगातील लक्षावधी मुलांनी शाळेत हात हलवावा की ओठ हलवावेत, याचा निकाल लागला. या १६४ जणांत स्वतः बधिर असलेला गृहस्थ एकच होता.

हा निवाडा ज्या वादावर झाला, तो वाद मिलानच्याही पूर्वी शंभर वर्षे चालू होता, आणि त्याचा पूर्वपक्ष पॅरिसमध्ये उभा राहिला होता. अठराव्या शतकाच्या मध्यास शार्ल-मिशेल द लेपे नावाचा एक पाद्री त्या शहरी राहत असे. धर्ममतांतील मतभेदामुळे वरिष्ठांची त्याच्यावर खप्पा मर्जी झालेली, वडिलार्जित उत्पन्न बरे, आणि हाती निश्चित कार्य काही नाही, अशा स्थितीत तो एके दिवशी काही कामानिमित्त एका घरी गेला असता, तेथे दोन बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. त्याने प्रश्न केला, त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा केला, तरी उत्तर नाही. मुलींची आई आल्यावर उलगडा झाला. दोघीही बधिर होत्या. वानँ नावाचा एक धर्मोपदेशक त्यांना चित्रांच्या साह्याने काही शिकवीत असे, तो वारला, आणि त्याच्याबरोबर त्यांचे शिक्षणही संपले होते. द लेपेने त्या दोघींना शिकविण्याचे पत्करले. या आख्यायिकेचा तपशील पुढे थोडाफार रंगविला गेला असेल. परंतु १७६० च्या सुमारास त्याच्या राहत्या घरी बधिर मुलांची शाळा भरू लागली, आणि तीत श्रीमंताकडूनही फी घेतली जात नसे, हे निर्विवाद आहे.

द लेपेचे मोठेपण त्याने खुणा निर्माण केल्या यात नाही, कारण त्या त्याने निर्माण केल्याच नव्हत्या. पॅरिसमधील बधिर माणसे आपसांत हातांनी बोलतच होती. या पाद्र्याने प्रथम त्यांच्याकडून ती भाषा शिकून घेतली आणि मग तिच्या आधारे त्यांना फ्रेंच लिहावयास व वाचावयास शिकविले. शिष्याकडून भाषा शिकून मग त्याचा गुरू होणे, ही गोष्ट कोणत्याही काळातील मास्तरास सोपी नसते. तथापि त्याचा एक हट्ट होता. बधिरांच्या खुणांत फ्रेंच व्याकरणातील काळ, लिंग, वचन व प्रत्यय दिसत नसल्यामुळे त्याने त्या प्रत्येकासाठी कृत्रिम खुणा बसविल्या, आणि परिणामी एकेक वाक्य इतके जड झाले की वर्गाबाहेर पडताच मुले ते टाकून देत व आपल्या स्वाभाविक भाषेत गप्पा मारू लागत. तरीही त्याची जाहीर प्रात्यक्षिके पाहण्यास सारे पॅरिस लोटे. १७७७ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ वेषांतर करून तेथे आला, आणि परत गेल्यावर त्याने आपला एक पाद्री शिकण्यासाठी पाठवून व्हिएन्नास तशीच शाळा काढविली. अखेरच्या दिवसांत पैशाची इतकी ओढ होती की, ऐन हिवाळ्यात द लेपेने स्वतःच्या खोलीतील जळण बंद केले आणि विद्यार्थ्यांनी रडून आग्रह केल्यावर ते पुन्हा सुरू केले, असे सांगतात. १७८९ च्या डिसेंबरात, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, तो निवर्तला. दोन वर्षांनी राष्ट्रसभेने त्याची शाळा सरकारी खर्चाने चालविण्याचे ठरविले.

उत्तरपक्ष जर्मनीत होता. सॅम्युएल हाइनिके याने १७७८ मध्ये लाइप्त्सिग येथे शाळा काढली आणि वाणीवाचून विचार नाही, म्हणून बधिर मुलास प्रथम बोलतेच केले पाहिजे, असा सिद्धांत मांडला. त्याची एक गुप्त विद्या होती, तिची हकीकत मोठी गमतीची आहे: स्वर ऐकू येत नाहीत तर ते जिभेस चाखवावेत, अशा कल्पनेने तो मुलाच्या जिभेवर एका स्वरासाठी शिरका, दुसऱ्यासाठी कडू वनस्पतीचा अर्क, तिसऱ्यासाठी साखरेचे पाणी असे निरनिराळे द्रव ठेवी आणि त्या चवीशी त्या स्वराची सांगड घालून देई. द लेपे आणि हाइनिके यांच्यात पत्रापत्री झाली, ती विकोपास गेली, आणि झुरिचच्या विद्वत्सभेकडे निवाड्यासाठी कागद गेले असता १७८३ मध्ये सभेने द लेपेच्या बाजूने कौल दिला. म्हणजे या वादाचा पहिला निकाल खुणांच्या पक्षाचा होता.

पॅरिसच्या या शाळेत १७९७ मध्ये लोराँ क्लेर नावाचा बारा वर्षांचा मुलगा दाखल झाला. तान्हेपणी विस्तवात पडल्यामुळे त्याच्या गालावर व्रण राहिला होता, आणि त्या व्रणावरून, गालास दोन बोटे लावून, सवंगड्यांनी त्याचे नाव ठेवले. शाळेचा मुख्य आता सिकार होता, आणि क्लेरला प्रत्यक्ष शिकविले ते जाँ मास्यू या तरुण शिक्षकाने, जो स्वतः बधिर होता. हा मास्यू सामान्य मनुष्य नव्हे: १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी सिकारला कैद केले, तेव्हा शाळेतील मुलांच्या वतीने विधिमंडळापुढे त्याच्या सुटकेची अर्जी नेणारा हाच. शाळेत काही मुलांना उच्चारही शिकवीत, आणि ते काम एका धर्मोपदेशकाकडे होते. क्लेरला त्याच्यापुढे बसविले. ‘द’ आणि ‘त’ यांतील भेद काही केल्या साधेना. एके दिवशी गुरूचा संयम सुटला आणि त्याने मुलाच्या हनुवटीखाली असा तडाखा दिला की, दातांखाली जीभ सापडून रक्तबंबाळ झाली. क्लेरने त्यानंतर बोलण्याचा प्रयत्न जन्मभर केला नाही. लिहिण्यात मात्र तो पुढे दोन भाषांचा पंडित झाला.

१८१५ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकटचा टॉमस हॉप्किन्स गॅलॉडेट हा तरुण धर्मोपदेशक, शेजाऱ्याच्या ॲलिस कॉग्सवेल या बधिर मुलीच्या शिक्षणाचा विचार मनात धरून, युरोपात आला. इंग्लंड व स्कॉटलंडात हे शिक्षण ब्रेडवुड घराण्याच्या हाती होते, आणि घराणे कसले, ते एक दुकानच होते. वर्षानुवर्षे उमेदवारी कर आणि आमची विद्या बाहेर फोडणार नाहीस असा करार लिहून दे, अशा अटी त्यांनी गॅलॉडेटला घातल्या. त्याच सुमारास सिकार आपल्या मास्यू व क्लेर या दोन शिष्यांसह लंडनमध्ये प्रात्यक्षिके करीत होता. सभागृहातून कोणीही उठून लेखी प्रश्न द्यावा आणि या दोघांनी फळ्यावर त्याचे उत्तर लिहावे, असा त्यांचा शिरस्ता असे. गॅलॉडेट तेथे गेला, पुढे पॅरिसला जाऊन राहिला, आणि १८१६ च्या जूनमध्ये क्लेरला बरोबर घेऊन जहाजावर चढला. ५२ दिवसांच्या त्या प्रवासात गॅलॉडेटने क्लेरला इंग्रजी शिकविले आणि क्लेरने गॅलॉडेटला खुणा. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थ्यांत ॲलिस होतीच. तेथून निघालेले शिक्षक, कित्येक स्वतः बधिर, अमेरिकेतील शाळा-शाळांतून पसरले. १८६४ मध्ये लिंकनने सही केलेल्या सनदेने वॉशिंग्टनच्या बधिरांच्या शाळेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि तिचा प्रमुख टॉमसचा धाकटा मुलगा एडवर्ड मायनर गॅलॉडेट होता. त्याची आई बधिर होती. खुणांची भाषा ही त्याची अक्षरशः मातृभाषा होय.

इतके सर्व चांगले चालले असता मिलानला वारे का फिरले? याचे उत्तर वर्गापेक्षा वर्गाबाहेर अधिक सापडते. इटलीचे एकीकरण होऊन वीस वर्षे झाली नव्हती. प्रांतोप्रांतीच्या बोली मोडून एक राष्ट्रभाषा रुजविण्याचा तेथे ध्यास होता. फ्रान्समध्ये नव्या प्रजासत्ताकास सर्व नागरिक एका साच्याचे हवे होते. अशा वातावरणात मूठभर माणसांनी हातवाऱ्यांची निराळी भाषा बोलावी, निराळ्या पंगती मांडाव्या, आपसांत लग्ने करावी, हे राज्यकर्त्यांना आणि विद्वानांना सारखेच खटके. त्यात द्रव्यबळाचीही भर पडली. अठराव्या शतकात पॅरिसमध्येच पेरेर नावाचा एक शिक्षक काही बधिर मुलांना बोलावयास शिकवीत असे. त्याचे वंशज आता बड्या पेढीचे मालक होते, आजोबांचे नाव पुन्हा गाजावे अशी त्यांची साहजिक इच्छा होती, आणि परिषदेच्या उभारणीत त्यांच्या नावाच्या संस्थेने पुढाकार घेतला. स्थळ मिलान ठरले, कारण तेथील दोन्ही शाळांत खुणांना पूर्ण बंदी होऊन केवळ उच्चारपद्धती चालू होती. १६४ प्रतिनिधींपैकी ८७ इटालियन व ५६ फ्रेंच होते. निकाल काय लागणार हे प्रतिनिधींच्या यादीवर नजर टाकणाऱ्यास पहिल्याच दिवशी सांगता आले असते.

अध्यक्षस्थानी जुलिओ तार्रा होता. हा मिलानच्या गरीब बधिर मुलांच्या शाळेचा मुख्य. त्याच्याविषयी कडवट लिहिणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याने आपले आयुष्य त्या मुलांत घालविले होते, आरंभी तो खुणांनीच शिकवीत असे, आणि पुढे स्वतःच्या अनुभवाने त्याचे मत पालटले होते. मत पालटलेल्या माणसाचा आवेश निराळाच असतो. खुणा मनुष्याची कल्पना आणि इंद्रिये चाळवितात, वाणी मात्र त्याचा आत्मा उन्नत करते, असे त्याने ओजस्वी भाषेत प्रतिपादिले, आणि सभागृहातील पाद्री-शिक्षकांना, ज्यांच्या धर्मग्रंथात ईश्वर बोलून सृष्टी निर्माण करतो, ते पटण्यास वेळ लागला नाही.

व्याख्यानांहूनही अधिक काम प्रात्यक्षिकांनी केले. पाहुण्यांना शहरातील शाळांत नेण्यात आले. मुले एकामागून एक पुढे येत आणि शिक्षकाच्या ओठांकडे पाहून स्पष्ट, मोठ्या आवाजात उत्तरे देत. सभेत डोळे पुसले गेले. काही टीकाकारांनी मात्र नोंद करून ठेवली की, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच काही मुलांचे उत्तर तयार असे. आणि कोणते मूल जन्मतः बधिर, कोणते बोलणे आल्यानंतर आजाराने बहिरे झालेले, कोणास थोडेफार ऐकू येते, याचा खुलासा पाहुण्यांना पुरेसा मिळाला नाही. ही शंका क्षुद्र नव्हती. सारा वाद तिच्यावरच उभा होता. चार-पाच वर्षे ऐकून-बोलून मग श्रवण गमावलेल्या मुलाची वाणी टिकविणे ही एक गोष्ट, आणि ज्याने आवाज म्हणून कधी काही जाणलेच नाही त्याच्या तोंडून वाणी निर्माण करणे ही अगदी दुसरी.

ओष्ठवाचन म्हणजे काय, याचा अंदाज मराठी वाचकाने आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, ‘पळ’, ‘बळ’ आणि ‘मळ’ हे तीन शब्द उच्चारून घ्यावा. तिन्हींत ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. भेद आहे तो कंठात व नाकात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. क, ख, ग, घ तर घशाच्या आत होऊन जातात. बधिर मुलाने हे भेद शिकावे कसे? तर शिक्षिकेच्या गळ्यावर एक हात आणि आपल्या गळ्यावर दुसरा ठेवून कंप ताडून पाहावयाचा. नाकपुडीस बोट लावून अनुनासिक ओळखावयाचे. ओठांपुढे धरलेला कागदाचा कपटा किंवा मेणबत्तीची ज्योत हलते की नाही, यावरून श्वासाचा जोर मोजावयाचा. एकेक अक्षर घोटण्यात दिवसच्या दिवस जात. ज्या मुलांना थोडे ऐकू येत असे, त्यांना या परिश्रमाचे फळ मिळे, हे कबूल केलेच पाहिजे. उरलेल्यांचे वय वाढत जाई, आणि गणित, भूगोल, इतिहास हे विषय जीभ वळेपर्यंत दाराबाहेर थांबून राहत.

परिषदेत अमेरिकेचे पाच प्रतिनिधी होते: एडवर्ड गॅलॉडेट, त्याचा वडील बंधू टॉमस, आयझॅक पीट, चार्ल्स स्टॉडर्ड आणि वॉशिंग्टनच्या केंडल शाळेचा मुख्याध्यापक जेम्स डेनिसन, जो परिषदेतील एकमेव बधिर प्रतिनिधी होय. त्यांचे म्हणणे माफक होते: उच्चार शिकवाच, पण खुणा टाकू नका, मुलागणिक पाहून दोहोंचा मेळ घाला. आपल्या पाठीशी ५१ शाळा व ६००० हून अधिक विद्यार्थी आहेत, आणि उरलेल्या सर्व प्रतिनिधींच्या शाळांतील मुले मिळूनही इतकी भरत नाहीत, असा एडवर्डचा दावा होता. पण मते डोक्यांवर मोजली जात होती, विद्यार्थ्यांवर नव्हे. वाणीचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे म्हणून खुणांपेक्षा उच्चारपद्धतीच स्वीकारावी, हा पहिला ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. दोन्ही पद्धती एकत्र चालविल्याने उच्चार, ओष्ठवाचन व विचारांचा नेमकेपणा यांची हानी होते, सबब शुद्ध उच्चारपद्धतीच पसंत करावी, हा दुसरा ठरावही मोठ्या बहुमताने झाला. शेवटी वाणीचा जयजयकार करून मंडळी पांगली.

पॅरिसच्या शाळेत तेव्हा एक वृद्ध गृहस्थ हयात होता, फेर्दिनाँ बेर्तिए. हा बधिर मनुष्य त्याच शाळेत शिकून तेथेच शिक्षक झाला, ग्रंथ लिहिले, १८३४ पासून दरवर्षी द लेपेच्या जन्मदिनी बधिरांची मेजवानी भरविली, आणि फ्रान्सचा मोठा बहुमान मिळविणारा पहिला बधिर ठरला. मिलाननंतर त्याच्यासारखा विद्यार्थी निर्माण करण्याची सोय उरली नाही, कारण त्याच्यासारखा शिक्षकच शाळांना नकोसा झाला. जो स्वतः ऐकत नाही तो उच्चार काय तपासणार, हा युक्तिवाद बिनतोड होता. त्याच्या जोरावर युरोपभर बधिर शिक्षकांच्या नेमणुका बंद पडल्या, असलेले निरोप घेऊन गेले, आणि जुने ‘खुणांचे’ विद्यार्थी नव्या ‘वाणीच्या’ विद्यार्थ्यांत मिसळू नयेत म्हणून त्यांना वेगळे ठेवण्याचा उपाय अवलंबिला गेला. हात पाठीशी बांधणे, हातांवर बसावयास लावणे, छडी मारणे, या शिक्षांच्या आठवणी निरनिराळ्या देशांतील बधिरांनी पुढे सांगितल्या आहेत. खुणा मेल्या नाहीत. दिवसा वर्गात बंदी असली तरी वसतिगृहात दिवे मालवण्यापूर्वी त्यांचे राज्य सुरू होई, आणि मोठी मुले लहानांना ती भाषा देत राहिली.

अमेरिकेत उच्चारपद्धतीच्या पक्षाचे नेतृत्व टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्याकडे आले. त्याची आई बधिर, पत्नी बधिर, आणि तो स्वतः नामांकित उच्चारशिक्षक. १८८३ मध्ये त्याने एक निबंध वाचला. बधिर लोक एकत्र राहून, एका भाषेत बोलून आपसांत विवाह करतील तर मानवजातीत बधिरांचा एक स्वतंत्र वंश निर्माण होईल, अशी भीती त्यात व्यक्त केली होती. एडवर्ड गॅलॉडेट आणि बेल या दोघांचे घर बधिरांनी भरलेले, दोघांचाही हेतू शुद्ध, आणि निष्कर्ष पूर्व-पश्चिम. इंग्लंडात या विषयाच्या चौकशीसाठी शाही मंडळ बसले, तेव्हा त्यापुढे दोघांच्याही साक्षी झाल्या. १८८९ च्या अहवालाचा कल मात्र मिलानच्या बाजूचाच राहिला.

हिंदुस्थानात बधिर मुलांची पहिली शाळा याच दशकाच्या मध्यास मुंबईत निघाली. तिचा संस्थापक बिशप लिओ म्यूरीन हा जर्मन जेझुइट, आणि काळ मिलानच्या विजयाचा. येथे खुणांची पद्धत आधी चालून मग हटविली गेली असे घडले नाही, ती शाळेच्या उंबरठ्याआत आलीच नव्हती. ज्या खटल्याचा पूर्वपक्ष आमच्या कानी कधी पडला नाही, त्याचा हुकूमनामा मात्र आम्हांस आयता मिळाला. १८९३ मध्ये कलकत्त्यास शाळा निघाली. तिचा एक आधारस्तंभ यामिनीनाथ बॅनर्जी विलायतेस व तेथून वॉशिंग्टनला, खुद्द एडवर्ड गॅलॉडेटच्या संस्थेत, जाऊन शिकून आला. परंतु एव्हाना त्या संस्थेतील ऐकू येणाऱ्या उमेदवारांच्या वर्गातही उच्चारशिक्षणास मोठे स्थान मिळाले होते. पुढे महाराष्ट्रात गावोगावी जी मूकबधिर विद्यालये निघाली, त्यांतील कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी ‘हात खाली’ हे दोन शब्द जितक्या वेळा उच्चारले असतील, तितके दुसरे कोणते क्वचितच.

अमेरिकेतील बधिर माणसे स्वस्थ बसली नव्हती. मिलानच्या परिषदेपूर्वी दोनच आठवडे, १८८० च्या ऑगस्टात, सिनसिनाटी येथे त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली होती. १९१३ मध्ये, चलच्चित्राची कला बाल्यावस्थेत असताना, या संघटनेचा माजी अध्यक्ष जॉर्ज व्हेडिट्झ कॅमेऱ्यापुढे उभा राहिला आणि खुणांच्या भाषेतच त्या भाषेच्या रक्षणाची कैफियत त्याने मांडली. विद्वानांचा निर्वाळा मिळण्यास मात्र १९६० साल उजाडावे लागले. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यास आलेल्या विल्यम स्टोको या प्राध्यापकाने त्या वर्षी एक लहानसा प्रबंध प्रसिद्ध करून दाखविले की, हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल या घटकांपासून प्रत्येक खूण बनते, आणि म्हणून ही भाषा इतर कोणत्याही भाषेइतकीच रचनाबद्ध आहे. सहकाऱ्यांनी प्रथम त्याची थट्टा केली. त्यांत बधिर सहकारीही होते. शंभर वर्षे आपल्या भाषेस माकडचेष्टा म्हणून घेतल्यावर माणसास तिच्याविषयी दुसरे काही खरे वाटू नये, यात नवल नाही.

१९७० नंतरच्या दशकात मदन वसिष्ठ या, स्वतः बधिर असलेल्या, भारतीय अभ्यासकाने दोन अमेरिकन सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील बधिरांच्या खुणा गोळा केल्या, तेव्हा कोणत्याही शाळेने न शिकविलेल्या त्या भाषेत चारही शहरी विलक्षण साम्य आढळले. २०१० च्या जुलैत कॅनडातील व्हँकुव्हर येथे बधिरशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. भारतात २०१५ मध्ये दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या भाषेस स्थान मिळाले. पहिली ते बारावीची क्रमिक पुस्तके या भाषेत उतरविण्याचा करार त्या केंद्राने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेशी २०२० च्या ऑक्टोबरात केला.